चौतीस वेळा उघडलेला मेल

छत्तीसगढातल्या दुर्गच्या बोरसीत तेजराम चकोल्यांचं घर शोधायचं असेल तर पहाटे पावणेपाचला निघावं. त्या वेळी अख्ख्या गल्लीत एकच दिवा लागलेला असतो, तो त्यांचा. छत्तीस वर्षं पोलाद कारखान्यात फिटर म्हणून पाळ्या केल्या, रिटायर होऊन पाच वर्षं झाली, पण शरीराला ते अजून कोणी कळवलेलं नाही. पावणेपाचला डोळा उघडतो, पाचला चहा होतो, आणि पुढे दिवसभर करायला काही नसतं. त्यांच्या पत्नी सिंधुताई म्हणतात, रिटायर माणूस आणि बंद पंखा, दोघंही डोक्यावरच असतात. पंखा निदान बोलत नाही.

आमगावकडच्या धानाच्या बांधावरून आलेला हा माणूस. बाविसाव्या वर्षी कारखान्यात लागला, सेक्टर ६ च्या क्वार्टरमध्ये संसार थाटला, आणि आयुष्याची उमेदीची वर्षं बेल्टखाली घालवली. बेल्ट म्हणजे कोळसा वाहून नेणारा रबरी पट्टा, शाळेच्या मैदानाएवढा लांब. कोळसा टाकून तो रिकामा परत येतो तेव्हा त्याच्या अंगाला ओला चुरा चिकटलेला असतो. तो चुरा खाली सांडतो, रोलरमध्ये अडकतो, पट्टा एका बाजूला सरकतो आणि बंद पडतो. मग घ्या फावडं आणि बसा उपसत. तेजरामांनी उपसलेला कोळसा एका जागी ओतला असता तर बोरसीला स्वतःची टेकडी मिळाली असती.

रिटायर झाल्यावर त्यांनी या चुऱ्याचा सूड घ्यायचं ठरवलं. ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यांवर कडक रबराची पात बसवली आणि एक स्क्रॅपर बनवलं. परतणाऱ्या पट्ट्याला ते खालून चाटत राहतं आणि चुरा जागच्या जागी खरवडून टाकतं. पात झिजली तरी पाटा तिला वर दाबत राहतो. मुलगा राहुल याची हथखोजच्या कारखान्यांच्या वस्तीत भाड्याची छोटी शेड आहे, तिथे हा सगळा उद्योग चाले. वस्तू खरंच चांगली होती. पण चांगल्या वस्तूचं आणि चांगल्या मुलीचं सारखंच, पाहायला कोणी यावं तर लागतं! दीड वर्षात एकाही फॅक्टरीनं ती लावून पाहिली नाही.

पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी पानात असतानाच राहुलनं सांगून टाकलं. "बाबा, दिवाळीपर्यंत एक तरी ट्रायल लागली पाह्यजे. नाही तं मी शेडची चावी वापस करतो न झारसुगुड्याले नोकरीवर जातो. तिकडून फोन आला आहे."

 तेजरामांनी कढी समजून दूध भाताशी कालवलं आणि तसंच जेवले. सिंधुताईंनी पाहिलं, पण त्या दिवशी त्यांनीही थट्टा केली नाही. यावरून घरातलं हवामान समजावं.

आता इथे सूनबाई येते. हर्षा मोहन नगरची. दुर्गात चार पिढ्या काढलेल्या घरातली, मराठी बोलता बोलता कधी हिंदीच्या रुळावर जाते ते तिलाही समजत नाही. शेडच्या पत्रव्यवहाराचं काम ती बघायची. तिनं पोळ्यानंतरच्या सोमवारी महानदीपलीकडच्या एका सिमेंट फॅक्टरीच्या खरेदी साहेबांना मेल पाठवला. सोबत स्क्रॅपरचे फोटो, मापं, सगळं इंग्रजीत. दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन सासऱ्यांसमोर बसली.

"बाबा, इधर देखो. साहेबांनी काल अकरा वाजून वीस मिनिटांनी मेल उघडला. आज परत."

"त्याइनं फोन करून सांगितलं?"

"नाही हो. मी एक ट्रॅकिंग लावलंय. मेलच्या पोटात एक फोटो असतो, सुईच्या टोकाएवढा. रंग नाही, दिसत पण नाही. समोरच्यानं मेल उघडला की तो फोटो आपल्याकडून मागवला जातो, आणि मागवला की इथे हिरवी खूण न वेळ लिहून येते. अपने आप."

तेजरामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. जुन्या काळी कारखान्याच्या गेटवर टोकन टाकलं की टाइम ऑफिसला समजायचं, चकोले आत गेला. पण तिथे निदान एक बाबू बसलेला असे, पान खाणारा. इथे तर कोणीच नाही! महानदीपलीकडे एका माणसानं बोट हलवलं आणि बोरसीत, आपल्या दिवाणावर, त्याची नोंद पडली. छत्तीस वर्षं आगीच्या भट्ट्या पाहिलेला हा माणूस त्या दोन बारक्या हिरव्या खुणांकडे देवळातल्या समईकडे पाहावं तसा पाहत बसला.

"अवो," त्यांनी हाक मारली, "इकडे या. न दिसणारा फोटो पाहा."

"न दिसणारा हाय तं पाहू काय?" सिंधुताई आतून म्हणाल्या. पण आल्या, पाहिलं, आणि नाक मुरडलं. "हे तं लोकाइच्या कवाडाले कान लावणं झालं." मग जरा थांबून, आवाज बारीक करून, "हर्षा, आमच्या विहीणबाईले पाठवता येते काय असा एखादा? मी पाठवलेलं वाचत नाही न म्हणते, नेट नव्हतं."

विहीणबाई म्हणजे हर्षाची सख्खी आई. हर्षानं लॅपटॉप मिटला.

त्या दिवसापासून घराला नवा छंद लागला. रोज दहा वाजता हर्षा आकडा सांगे. पाच झाले, नऊ झाले, सोळा झाले. ठिकाण मात्र नुसतं 'इंडिया' दाखवी, म्हणजे शोधा आता एवढ्या देशात. तीन आठवड्यांत आकडा चौतीसवर गेला. कोणी लग्नपत्रिकाही चौतीस वेळा उघडत नाही. तेजराम सायकलवरून भाजी आणायला जात तेव्हा पायडल हलके लागत. साहेब मेल वाचून राहिला आहे, परत वाचून राहिला आहे, त्याच्या मनातून आपलं स्क्रॅपर जात नाही. भाजीवालीलाही त्यांनी हे सांगितलं. तिनं कोथिंबीर जास्त दिली.

चौथ्या आठवड्याच्या सोमवारी राहुलला राहवलं नाही. त्यानं सगळ्यांसमोर स्पीकर लावून फोन केला. खरेदी साहेबांचं नाव भूपेंद्र, आवाज जाड.

"सर, हमारा मेल आपने चौंतीस बार खोला है, तो मैंने सोचा ट्रायल की तारीख ले लूँ।"

साहेब उसळले, "चौंतीस? मैंने एक बार देखा है, एक बार। और आपको कैसे मालूम मैं क्या खोलता हूँ, कितनी बार खोलता हूँ? मेरे कम्प्यूटर में बैठे हो क्या?"

फोन बंद झाला. 

"खोटं बोलून राहिला," राहुल म्हणाला, पण त्याच्या स्वरात जीव नव्हता.

हर्षानं लॅपटॉप पुढ्यात ओढला आणि पहिल्यांदाच नुसता आकडा न बघता एकेक वेळ वाचायला लागली. "पहाटे पाच वाजून दहा मिनिटं. पाच बारा. पाच दहा. पाच अकरा..." ती थांबली. तिनं हळूच मान वर केली. "बाबा, पहाटे पाचला फॅक्टरीतला साहेब उठतो का हो?"

तेजरामांचा हात खिशातल्या मोबाइलवर गेला.

झालं होतं असं. कारखान्यात कुठलाही कागद निघाला की त्याची एक प्रत फिटरला मिळे. त्या सवयीनं त्यांनी हर्षाला सांगितलं होतं, "मलेही एक कॉपी टाक." तिनं टाकली. त्याच मेलची, त्याच न दिसणाऱ्या फोटोसकट, आणि विसरून गेली. आणि हा भला माणूस रोज पहाटे चहाबरोबर आपल्या स्क्रॅपरचा फोटो बघायला तो मेल उघडत होता. कधी दुपारी पडल्या पडल्याही. लोक पेपर वाचतात, कोणी पोथी वाचतं, हे स्वतःचाच मेल वाचत आणि दहा वाजता आकडा वाढला म्हणून खूश होत. आरशातल्या माणसाला रोज नमस्कार करावा आणि म्हणावं, गावात आपली ओळख वाढली!

एरवी या गोष्टीवर घर आठवडाभर हसलं असतं. पण राहुल काही न बोलता उठून गेला आणि बाहेर झारसुगुड्याला फोन लावल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. "दिवाली के बाद आ सकता हूँ," तो सांगत होता.

"मी बट्टा लावला," तेजराम म्हणाले. "माझ्याच हातानं."

सिंधुताईंनी त्यांच्या हातातून मोबाइल घेतला, कणकेच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. "आता रडू नका. तुमचे किती न लोकाइचे किती, ते तं निवडा. तांदळातले खडे निवडता येतात, हे नाही येत?"

तेजराम वही घेऊन बसले. हर्षानं वेळा सांगायच्या, त्यांनी लिहायच्या. आपल्या वेळा ओळखायला त्यांना कष्ट नव्हते. पाच-दहाच्या एकवीस खोडल्या. दुपारच्या दोन-अडीचच्या चार खोडल्या. सोमवारची अकरा-वीसची साहेबाची, तिच्याभोवती गोल केला. बिचारा खरंच एकदा म्हणाला होता. आठ उरल्या.

"आठच," हर्षा म्हणाली. "आणि काही ताल नाही. पहिल्या आठवड्यात सकाळी साडेसात, पावणेदहा, बारा दहा. दुसऱ्या आठवड्यात दुपारी चार, संध्याकाळी सव्वासात, रात्री पावणेनऊ. तिसऱ्यात तर मध्यरात्री पावणेबारा आणि पहाटे तीन वीस. कोणी पागल असेल."

सिंधुताई भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"परत सांग वो."

हर्षानं परत सांगितलं. सिंधुताई उठल्या, मांडणीवरचे डबे बाजूला केले, आणि डब्यांखाली अंथरलेला एक तेलकट कागद ओढून काढला. जुनं कॅलेंडर होतं, पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचं. प्रत्येक आठवड्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: फ, से, ना. फर्स्ट, सेकंड, नाइट. सेक्टर ६ च्या क्वार्टरमध्ये प्रत्येक बाईचं कॅलेंडर असंच असे. डबा कधी भरायचा, पोरांना कधी ओरडू द्यायचं नाही, माहेरची माणसं कोणत्या आठवड्यात बोलवायची, सगळं त्या तीन अक्षरांवर चाले.

"पागल नाही," सिंधुताई म्हणाल्या. "एक हप्ता सकाळी, एक हप्ता दुपारून, एक हप्ता रात्री. ह्या माणसाले मी छत्तीस वर्षं डबा देल्ला. हा साहेब नाही होय. हा शिफ्टवाला होय."

 तेजरामांनी वहीत पाहिलं, कॅलेंडरात पाहिलं, आणि मग बायकोकडे असं पाहिलं की सुनेनं नजर दुसरीकडे वळवली. तिन्ही आठवड्यांत कोरा राहिलेला वार एकच होता, बुधवार.

"बुधवारी सुट्टी असते त्याची," ते पुटपुटले.  ज्याचं नाव माहीत नाही, तोंड माहीत नाही, तो माणूस आठ आकड्यांतून उठून समोर उभा राहिला होता, हेल्मेट घालून. "साहेबानं एकदा पाहिलं न खाली पाठवून देल्लं. तो खालचा माणूस उघडून राहिला आहे. पण ड्यूटीवर असताना कावून? चालत्या बेल्टपाशी कोणी मोबाइल काढत नाही. हात जाईल." ते थांबले. "राहुल! अरे राहुल, इकडे ये!"

राहुल दारात आला.

"त्याचा बेल्ट बंद पडते," तेजराम म्हणाले. "ज्या-ज्या वेळी बंद पडते, त्या-त्या वेळी तो उभ्यानं आपला फोटो पाहते. आठ वेळा बंद पडला आहे, हे पाय, वेळेसकट लिहून आहे. न तो कोणाले सांगू शकत नाही, कावून का आपली चिठ्ठी इंग्रजीत हाय न साहेबाच्या भाषेत हाय. त्याले जे पाह्यजे ते त्यात नाहीच."

"त्याले काय पाह्यजे?"

"बसवाले किती वेळ लागते, ते! मी त्याच्या जागी असतो तं दुसरं काय पाहिलं असतं?"

दुपार उलटायच्या आत दुसरा मेल तयार झाला. तेजराम सांगत गेले, हर्षा लिहीत गेली, सगळं साध्या हिंदीत, एका पानात. नट आवळायचे दोन पाने पुरतात, एकोणीस आणि चोवीस नंबरचे. वेल्डिंग नाही, म्हणून परवानगीचा कागद नाही. चाळीस मिनिटांत दोन माणसं बसवतात, म्हणजे बेल्ट बंद पडलाच आहे तर तेवढ्यात काम होतं. चुरा कुठे पडेल याचा हातानं काढलेला नकाशा. खाली फोन नंबर मोठ्या अक्षरात. वर साहेबांसाठी दोन ओळी: सकाळच्या फोनबद्दल माफी, मोजणीत चूक आमची होती. उघडल्याची मोजदाद होते हे हर्षानं लपवलं नाही, पण परत कधी गिऱ्हाइकाच्या तोंडावर आकडा मारायचा नाही असं तिनं नवऱ्याकडून कबूल करून घेतलं. वेळ समजली तर आपण शहाणं व्हावं, त्याला कशाला लाजवावं?

"न मले कॉपी नको," तेजराम म्हणाले.

"मोबाइल कणकेत आहे," सिंधुताई म्हणाल्या, "पाठवली तरी गोळे होतील."

भूपेंद्र साहेबांनी मेल त्याच दिवशी साडेचारला उघडला. पुढे काही नाही. रागावला असेल तर खाली पाठवणारच नाही, ही धाकधूक. "हा हप्ता फर्स्टचा आहे," तेजराम म्हणाले. "उद्या सहा ते दोनमंधी पाहा."

मंगळवारी सगळं घर लॅपटॉपसमोर. राहुलही शेडवर गेला नाही, तोंडानं मात्र म्हणत होता की आपल्याला काही अपेक्षा नाही. नऊ वाजले. दहा वाजले. दहा बावन्नला एक हिरवी खूण उमटली. आवाज नाही, काही नाही. लगेच दुसरी. मग तिसरी. तेजराम उभे राहिले, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पन्नास कोसांवर एक पट्टा थांबला होता आणि त्याच्या बाजूला उभा असलेला माणूस त्यांचे शब्द वाचत होता, आत्ता, या क्षणी. त्यांना कोळशाचा वास आला.

अर्ध्या तासानं राहुलचा फोन वाजला. "मैं सुखराम बोलत हों, बेल्ट सेक्शन ले," पलीकडून छत्तीसगढीचा मोकळा सूर. "ए चालीस मिनट वाला बात सच आय का?"

नवरात्रात, पाचव्या माळेला, ट्रायल लागली. चाळीस नाही, त्रेपन्न मिनिटं लागली, कारण चोवीसचा पाना तेजराम घरीच विसरले होते आणि तो सुखरामला शोधावा लागला. सुखराम पंचेचाळिशीचा, मिशीत कोळसा. बेल्ट सुरू झाला, पात पट्ट्याला टेकली, आणि काळा चुरा खाली नुसता पावडरीसारखा झरत राहिला. दोघं गुडघ्यावर बसून पाहत होते. तेजरामांच्या मनात खदखद होती. ती त्यांनी ओकून टाकली. सुईच्या टोकाचा फोटो, आठ वेळा, शिफ्ट, कॅलेंडर, बुधवार, सगळं.

सुखरामचे डोळे मोठे झाले. "मतलब बइठे-बइठे मोर बेल्ट ल देखत रहेव?"

"बेल्ट नाही दिसला बाप्पा. तूच दिसला."

सुखरामनं आजूबाजूला पाहिलं आणि नको-नको म्हणत दोन्ही हात जोडले. मग म्हणाला, "कका, मोर बाई ल झन बताबे. वो समझथे नाइट म मोर मोबाइल बंद रहिथे."

साहेबांनी पंधरा दिवस मुदत दिली. तोवर पट्टा कसा चालतो ते पाहू, मग बोलू. आणि त्या पंधरा दिवसांत मेल कोणी उघडला नाही. एक दिवस, चार दिवस, दहा दिवस. हिरवी खूण नाही. राहुलचं तोंड उतरत गेलं. "विसरले आपल्याले," तो म्हणे. दिवाळी आठवड्यावर आली होती.

तेजराम मात्र पहाटे चहा घेताना कोऱ्या रकान्याकडे बघून हसत. "येडा हाय का तू? तो मेल कधी उघडत होता? बेल्ट बंद पडल्यावर. आता उघडत नाही. म्हणजे?"

हे त्यांना पहिल्या दिवशी समजलं होतं, आणि तरी रोज सकाळी त्याचं नवल वाटे. एवढं सगळं जग कोणी आपलं उघडून पाहावं म्हणून धडपडतं, आणि आपल्या घरात एक म्हातारा कोणी न उघडल्याचा आनंद मोजत बसला आहे. चुरा सांडत नाही. कोणी फावडं उचलत नाही. ते सगळं त्या कोऱ्या रकान्यात दिसत होतं.

सोळाव्या दिवशी, सकाळी सव्वादहाला, खूण उमटली.

हर्षा ओरडलीच नाही, नुसती मागे सरकली. तेजरामांनी कप खाली ठेवून दिला. सेकंड नाही, नाइट नाही, फर्स्टचा हप्ता, सुखरामचाच. म्हणजे बंद पडला. पाटा तुटला असेल. पात उलटली असेल. त्यांनी डोळे मिटले आणि त्यांना तो ढीग दिसला, छत्तीस वर्षांचा.

राहुलचा फोन वाजला. त्यानं नंबर पाहिला आणि न उचलताच बापाकडे दिला. तेजरामांनी सगळं बळ एकवटून विचारलं, "सुखराम? क्या टूटा?"

"टूटही काबर? चलत हे न!" मागून पट्ट्याची घरघर ऐकू येत होती, सलग, कुठेही न अडखळणारी. "तुंहर नंबर खोजे बर खोले रहेंव, कका. मोबाइल बदल गे, नंबर चल दिस. साहब कहत हे, बाकी तीन बेल्ट म घलो लगवा दे. चिट्ठी आज पठोही."

तेजरामांनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला. सुखरामचं बोलणं संपलं होतं तरी ती घरघर ऐकत राहिले, सुखराम "कका? कका?" करेपर्यंत.

साहेबांचा मेल दुपारी आला. राहुलनं तो वाचला, मग झारसुगुड्याला फोन लावून नाही सांगितलं, आणि शेडची चावी, जी दोन महिने शर्टाच्या खिशात फिरत होती, खिळ्याला परत लावली. कणकेच्या डब्यातून मोबाइल बाहेर निघाला. तेजरामांनी साहेबांचा मेल उघडला, शेवटपर्यंत वाचला आणि बंद केला. सिंधुताईंनी मागितला, "मलेही दाखवा न," तर मोबाइल छातीशी धरून म्हणाले, "एकदा उघडला आहे, बस झालं. त्याइनंही फोटो लावला असला तं? म्हणतील, चकोले चौतीस वेळा वाचते."

सिंधुताईंनी हात पुढे केलेलाच ठेवला. "मंग पस्तीस होऊ द्या," त्या म्हणाल्या. "आणा इकडे."